इंग्रजीचं ध्रुपद

या, जरा पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ या, माझा आवाज बुवांसारखा लांब पोचत नाही. कोंडिबाबुवा नसरापुराहून निघाल्याचा निरोप आलाय, पण गाडी अजून गुंजवणीच्या पलीकडंच असणार. दिवस मावळायला अवकाश आहे. समईत तेल घालून झालं, पखवाजाला कणीक लावून झाली. तोवर एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, आपल्याच वाडीची आहे. आणि लहानग्यांच्या पोटात गोळा येऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो: शेवटी सगळं नीट होतं. मधे थोडा वेळ जीव टांगणीला लागेल, तेवढा लागू द्या.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. मार्गासनीच्या वरच्या अंगाला ही आपली वाडी तेव्हा बारा उंबऱ्यांची होती. त्यात शेवटचं घर धोंडाबाईचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती पुण्याला लष्कर भागात एका गोऱ्या साहेबाच्या घरी मुलं सांभाळायला राहिली होती. अकरा वर्षं तिनं ती आयागिरी केली. त्या घरची तीन मुलं तिच्या कडेवर मोठी झाली. साहेब विलायतेला परत गेला, तशी ती एक पत्र्याची पेटी आणि निळ्या फुलांची एक कपबशी घेऊन वाडीला आली.

तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, मराठीसुद्धा नाही. पण इंग्रजी तिच्या कानात भरून राहिलं होतं. तेही कचेरीतलं इंग्रजी नव्हे, बाळांचं. दूध पी, तोंड उघड, हात धू, चेंडू कुठं गेला, रडू नको, शहाणं बाळ ते. अकरा वर्षं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जे बोलली, तेवढं सगळं.

पोरं तिच्या अंगणात जमायला लागली ती इंग्रजीसाठी नव्हे, कपबशीसाठी. तसली नाजूक वस्तू वाडीत कुणी पाहिली नव्हती. धोंडाबाई म्हणायची, कप हातात पाहिजे तर साहेबाच्या पोरांसारखं मागा. मग एकेक पोरगं पुढं व्हायचं, “गिव्ह मी द कप, प्लीज,” म्हणायचं, आणि त्या कपातून गुळाचं पाणी दोन घोट प्यायचं. महिनाभरात वाडीतल्या सगळ्या पोरांना तेवढं वाक्य यायला लागलं. मग ती म्हणाली, आता नुसतं मागून मिळायचं नाही, दुसरं काही तरी पाहिजे.

दुसरं म्हणजे लाकडी डाव, आमटी वाढायची पळी, लपवायची. एकानं डोळे मिटायचे, बाकीच्यांनी डाव कुठं तरी लपवायचा. शोधणारा लांब गेला की सगळ्यांनी ‘कोल्ड’ म्हणायचं आणि जवळ आला की ‘हॉट’. चैताच्या उन्हात पोरं घामानं निथळत ‘कोल्ड, कोल्ड’ करत पळायची. डाव सापडला की तो टोपलीत होता का टोपलीखाली होता, हे सगळ्यांनी मिळून इंग्रजीतून सांगितल्याशिवाय शेंगा मिळायच्या नाहीत. आणि तिसरा खेळ आया-बाळाचा. एकानं आया व्हायचं, बाकीच्यांनी बाळं. आया म्हणेल तसं बसायचं, उठायचं, हात धुवायचे, तोंड उघडायचं. यात भांडणं व्हायची, कारण बाळ व्हायला कुणीच तयार नसायचं.

पण धोंडाबाईचा खरा जीव आपल्यासारखाच कीर्तनात. पुण्याला असताना सुटीच्या दिवशी ती मैल-मैल चालत जाऊन कीर्तन ऐकायची. तेव्हा पुढं जे झालं ते होणारच होतं. एका एकादशीला दुपारी तिनं पोरांना दोन रांगांत उभं केलं, स्वतः मधे उभी राहिली, खांद्याला वीणा म्हणून उलथणं लावलं, आणि चाल धरून विचारलं, “व्हॉट इज धिस?” पोरांनी ध्रुपद धरलं, “धिस इज अ पॉट!” मडकं झालं, मग टोपली, मग मांजर, मग झाड. पोरांच्या हातात टाळ म्हणून मडक्यांच्या झाकण्या. खरं सांगतो, मी कुंपणाबाहेर उभा होतो आणि माझी मान आपोआप डोलत होती.

आता ज्याच्यावर ही गोष्ट उभी आहे तो गेनू. हैबतीचा थोरला. हैबती आपल्या भजनातला टाळकरी, माझ्या शेजारीच उभा राहतो. तेव्हा त्याची तीस-चाळीस शेरडं आणि चार गुरं होती. गेनू लाजाळू, वर मान करून बोलायचा नाही. पण ध्रुपद धरायला लागला की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. एके दिवशी त्यानं बापाचा कड उडालेला जुना टाळ न विचारता तिथं नेला. हैबती तो शोधत धोंडाबाईच्या अंगणात आला आणि ते इंग्रजी कीर्तन बघून जागच्या जागी थांबला.

“आत्या,” तो म्हणाला, “द्येवाच्या टाळावर सायबाची भाषा?”

धोंडाबाईनं खांद्यावरचं उलथणं खाली घेतलं. “द्येवाला कळत न्हाई असली कुठली भाषा हाय, हैबती? मला सांग, म्हंजी ती शिकवायची न्हाई.”

टाळ घेऊन हैबती निघून गेला. पण त्या दिवसापासून त्यानं अंगणात पाऊल टाकलं नाही, आणि भजनात टाळ वाजवताना माझ्याशी पुटपुटायचा की म्हातारी पोरांना बिघडवतीय. त्याची शेरडं मात्र रोज त्याच कुंपणाबाहेरच्या बांधावर चरायची, हे मी बघत होतो. चारा तर पलीकडच्या माळावर जास्ती होता.

गेनूची चौथी झाली. मार्गासनीच्या शाळेत त्याच्या पुढं वर्गच नव्हता. चौथीचं पुस्तक संपलं तेव्हा त्यानं ते पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं, कारण घरात दुसरं नव्हतं. सावळाराम मास्तरांनी ते पाहिलं आणि भोरमधल्या एका इंग्रजी शाळेच्या हेडमास्तरांना पत्र घातलं. त्या शाळेच्या बोर्डिंगात डोंगरातल्या एका मुलाची जेवण्याराहण्याची सोय फुकट व्हायची. जागा एकच.

उत्तर आलं, पण त्यात एक अट होती. गेली दोन वर्षं त्या जागेवर आलेली डोंगरातली मुलं इंग्रजीला घाबरून दिवाळीच्या आत घरी पळाली होती. तेव्हा हेडमास्तरांनी लिहिलं होतं की मुलाला समक्ष आणा, मी त्याच्याशी चार शब्द इंग्रजीत बोलून बघेन. कानावरून गेलं असेल तर घेऊ, नाही तर जागा दुसऱ्याला.

सारजाबाईला, म्हणजे गेनूच्या आईला, पोरगं शिकावं असं फार वाटत होतं. हैबतीला तसं नव्हतं. त्याला शेरडांमागं माणूस हवा होता. शेवटी तो म्हणाला की एकदा नेतो, एकदाच. सायबानं हो म्हटलं तर ठीक, न्हाई म्हटलं तर परत आल्या दिवशी गेनूनं काठी हातात घ्यायची आणि पुन्हा पुस्तकाचं नाव काढायचं नाही. सारजाबाई कबूल झाली. गेनूनं पुस्तक फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या मागं ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी धोंडाबाई माझ्याकडं आली होती. मला म्हणाली की मी काय शिकवलंय ते माझं मला ठाऊक. बाळाला दूध पाजायचं इंग्रजी ते, शाळेतल्या सायबापुढं कसं चालंल? माझ्यापायी त्या लेकराचं हसं झालं तर? मी धीर दिला, पण खरं म्हणजे मलाही धास्तीच होती.

बापलेक पहाटे निघाले. नसरापुरापर्यंत पायी, तिथून कापूरव्होळपर्यंत एका गुळाच्या गाडीवर, आणि तिथून भोरला सर्व्हिस मोटारीत. गेनू मोटारीत पहिल्यांदाच बसला. इथून पुढचं मी हैबतीच्या तोंडून ऐकलंय, इतक्यांदा ऐकलंय की आता मीच तिथं होतो असं वाटतं.

हेडमास्तरांची खोली लहानशी होती. टेबल, त्यावर दौत, टाक, कागदांचा ढीग. कोपऱ्यात पाण्याचा माठ. हेडमास्तर परीक्षेचे कागद तपासत होते. बोटं काळ्या शाईनं माखलेली. माणूस मारका नव्हता, पण दमलेला होता. त्यांनी गेनूला समोर उभं केलं. हैबती दाराशी थांबला, पायातल्या वहाणा हातात धरून.

हेडमास्तरांनी दौतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “व्हॉट इज धिस?”

गेनू गप्प.

त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश. गेनूनं खाली मान घातली. तिसऱ्यांदा विचारून झालं. बाहेर कुठं तरी वर्गात पाढे चालले होते तेवढेच ऐकू येत होते. हेडमास्तरांनी टाक उचलला आणि सावळाराम मास्तरांचं पत्र बाजूला सारलं. रागानं नव्हे, ते मराठीतच म्हणाले की मुलगा बरा दिसतो, पण बघा, पुन्हा तेच होणार.

आता चूक कुणाची होती म्हणाल, तर आम्हां सगळ्यांचीच. दोन वर्षं आम्ही ती पोरं बघत होतो, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं की विचारलेल्या प्रश्नाला त्यांतल्या एकाही पोरानं कधी एकट्यानं उत्तर दिलं नव्हतं. पुढं कुणी तरी चाल द्यायची, मग सगळ्यांनी ध्रुपद धरायचं. कीर्तनाला जन्मभर बसलेली माणसं आपण. आपल्याला यात काही वावगं कसं वाटणार? बुवांनी चाल दिल्याशिवाय टाळकरी तोंड उघडतो का? आणि हेडमास्तरांनी प्रश्न कसा विचारला, तर कोरडा. ना चाल, ना टाळी. गेनू थांबला होता.

हे त्या खोलीत एकाच माणसाला दिसलं. हैबतीनं पोराच्या पायाकडं पाहिलं. गेनूच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर हळूहळू आपटत होता. ठेका शोधत होता. तीस वर्षं टाळ वाजवणाऱ्याला ते समजायला किती वेळ लागणार?

हैबतीला घरी जायचं तर रस्ता मोकळा होता. त्याची अट पुरी झाली होती. सायबानं नाही म्हटलं होतं, शेरडांना माणूस मिळाला होता. पण त्यानं वहाणा खाली ठेवल्या, दोन पावलं आत आला, हातावर हात मारून ठेका धरला, आणि भजनात लावतो तसा आवाज लावून म्हणाला, “व्हॉट इज धिस, बाळा, व्हॉट इज धिस?”

गेनूची मान वर आली. दौतीला काय म्हणतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, साहेबाच्या बाळांना दौत कुठली देणार? त्यानं ती नीट बघून घेतली. मग उत्तर दिलं, चालीवर, खड्या आवाजात. “धिस इज अ पॉट. अ स्मॉल पॉट. ब्लॅक वॉटर इन द पॉट.”

हेडमास्तरांचा टाक हवेतच राहिला. हैबतीची टाळी थांबली नव्हती, आणि गेनूला आता कुणी थांबवणार नव्हतं. तो टेबलावरचं एकेक सांगत सुटला. कागद टेबलावर आहे, माठ कोपऱ्यात आहे, बाप खोलीत आहे. सांगता सांगता त्याची नजर हेडमास्तरांच्या हातांवर गेली. आया-बाळाच्या खेळात असे हात दिसले की काय म्हणायचं ते ठरलेलं होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

“वॉश युवर हँड्स, बाबा. वॉश युवर हँड्स. गुड बॉय.”

हैबतीनं टाळी थांबवली. त्याला शब्द समजले नव्हते, पण हेडमास्तरांचा चेहरा त्यानं पाहिला. त्यानं भीत भीत विचारलं, “सायेब, काय म्हनला पोरगा? चुकला का?”

“मला हात धुऊन यायला सांगतोय,” हेडमास्तर म्हणाले. “आणि शहाणा मुलगा म्हणतोय.”

हैबती सांगतो, की त्या घटकेला त्याला वाटलं जमीन फाटावी. तो पाया पडायला खाली वाकत होता. पण हेडमास्तर आपल्याच बोटांकडं बघत राहिले. मग उठले, कोपऱ्यातल्या माठाजवळ गेले, तांब्यानं पाणी घेऊन खिडकीबाहेर हात धुतले, अंगठ्याच्या नखातली शाई काढायला जरा वेळ लागला, पंच्याला हात पुसले, आणि दोन्ही हात गेनूपुढं धरले.

गेनूनं हात उलटेपालटे करून पाहिले. “गुड बॉय,” तो पुन्हा म्हणाला.

मग हेडमास्तर हसले. पोट धरून नाही, पण दमलेला माणूस बऱ्याच दिवसांनी हसतो तसे. खुर्चीवर बसून त्यांनी वहीत गेनूचं नाव लिहिलं. ज्या दिवशी शाळा उघडेल त्या दिवशी अंथरूण आणि एक ताटली घेऊन या, म्हणाले. आणि हैबतीला म्हणाले की एकट्यानं, चालीशिवाय बोलायला आम्ही शिकवू. ते आमचं काम. शब्द तर त्याच्याजवळ आहेत, आणि भीती नाही.

शाळेच्या बाहेर लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली हैबती मटकन बसला. गेनूनं फडकं सोडून भाकरी काढली, बापाच्या हातावर ठेवली. दोघं खायला लागले. सारजाबाईनं बांधलेल्या चटणीत त्या दिवशी मीठ जास्ती झालं होतं, पण हैबती म्हणतो, तशी गोड भाकरी पुन्हा कधी खाल्ली नाही.

मग गेनूनं विचारलं, “आबा, तुमाला कुठनं येतं ते?”

“काय?”

“व्हॉट इज धिस.”

हैबतीनं चूळ भरली. “शेरडं वळताना तोंडात बसलंय,” तो म्हणाला. “म्हातारीला सांगू नगं.”

पण सांगितलं त्यानंच. परत आल्या दिवशी घरी न जाता तो आधी धोंडाबाईच्या अंगणात गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हातारी जात्याशी बसली होती, पण खुंटा नुसता धरून होती, दळण काही पडत नव्हतं. मी तिथंच होतो, आणखीही चार माणसं होती. हैबतीनं सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत, त्याच्या स्वतःच्या टाळीसकट. गेनूला घेतलं म्हणून आम्हां सगळ्यांना हायसं वाटलं, कुणी पोराच्या पाठीवर हात मारला, सारजाबाई पदर डोळ्याला लावून दारातच बसली. धोंडाबाईनं मात्र भलतंच विचारलं.

“धुतलं का हात त्या सायबानं?”

“धुतलं की,” हैबती म्हणाला.

“खरंच? लेकरानं सांगितलं म्हनून?”

“व्हय, आत्या. नखातली शाईबी काढली.”

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. अकरा वर्षं तिनं साहेबाच्या घरात काढली होती; तिला माणसं कशावरून ओळखायची ते ठाऊक होतं. “मग पोरगं तिथं सुखात ऱ्हाईल,” ती म्हणाली, आणि जात्याचा खुंटा फिरवायला लागली. तेव्हा कुठं पीठ पडायला लागलं.

हैबती उठला, घरी गेला आणि तो कड उडालेला टाळ आणून तिच्या ओसरीवर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवसापासून खेळात एक बदल झाला. धोंडाबाई मधे उभी राहीना. रोज एकेका पोरानं बुवा व्हायचं, उलथणं खांद्याला लावायचं, आणि प्रश्न काढायचा. मग त्यातल्या कुणाही एकाकडं बोट दाखवायचं, त्यानं एकट्यानं उत्तर द्यायचं. ते झालं की मग सगळ्यांनी टाळ वाजवायचे. भित्री पोरं पहिल्यांदा रडली. पण बुवा व्हायला मिळतंय म्हटल्यावर किती दिवस रडणार? आपल्या वाडीतून गेनूमागनं आणखी तीन पोरं भोरला गेली, आणि दिवाळीत घरी आली ती सुटीला, पळून नव्हे.

गेनूची दिवाळीची पहिली सुटी मला आठवते. सदरा घातलेला, केस तेल लावून बसवलेले. मोटारीतून उतरून चालत आला तो थेट म्हातारीच्या अंगणात, आणि म्हणाला, “गिव्ह मी द कप, प्लीज.” तिनं त्याच्यासाठी गुळाचं पाणी करूनच ठेवलं होतं. आज तो जेजुरीच्या बाजूला एका शाळेत मास्तर आहे. लहानांना इंग्रजी शिकवतो. मी एकदा जाऊन बघून आलोय. वर्गात डाव लपवलेला होता आणि पोरं ‘कोल्ड, कोल्ड’ म्हणून ओरडत होती. आणि आत शिरायच्या आधी दारातल्या घंगाळात हात धुवायला लागतात, मलासुद्धा लागले.

धोंडाबाई गेली त्याला दोन वर्षं झाली. कपबशी सारजाबाईकडं आहे. कीर्तनानंतर बुवांना त्याच कपातून दूध देतात, ते आता तुम्ही बघालच. ते ऐका, ओढ्याजवळ घुंगरं वाजतायत, गाडी चढाला लागली वाटतं. उठा, टाळ घ्या. हैबती, तू इकडं ये, माझ्या शेजारी.

एवढं एकच मागणं. आज बुवा पहिली ओळ उचलतील आणि तुम्ही मागं ध्रुपद धराल, तेव्हा एक क्षणभर धोंडाबाईची आठवण असू द्या. तिला वाचता येत नव्हतं, तिचं नाव कुठं लिहिलेलं नाही. ते आपल्या तोंडातच राहायचं आहे.